सर्वोत्तम गोलंदाज कोणाचा? बळींच्या आकड्यापलीकडचा हिशेब

खास प्रतिनिधी

आगाशी : विरार स्थानकाच्या पश्चिमेला, केळीच्या वाड्यांमधून अर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आगाशी गाव लागते. वसई-विरार महापालिकेत समाविष्ट होऊनही गावपण टिकवून असलेल्या या परिसरात कॉलेज क्रिकेटचा मोसम सुरू झाला, की संध्याकाळच्या गप्पांना एक ठरलेला विषय मिळतो. यंदा कोणत्या कॉलेजचा संघ भारी आणि कोणाचा गोलंदाज सर्वोत्तम? कोणी बळींचा आकडा सांगतो, कोणी वेग सांगतो. ‘आमच्याकडचा पोरगा त्यांच्यापेक्षा सरस आहे, पण त्याला बघतो कोण?’ असा प्रश्नही कोणीतरी हमखास टाकतो. वाद रंगतो, मात्र निकाल लागत नाही.

तो का लागत नाही, यामागे कारणे आहेत. वाद घालणारी मंडळी बहुधा एकच आकडा हाती धरून बोलत असतात आणि एका आकड्याने गोलंदाज मोजता येत नाही. हा प्रश्न केवळ गप्पांपुरताही नाही. ‘सर्वोत्तम’ हे बिरुद वेळेवर मिळाले तर एखाद्या मुलापुढे निवड चाचणीचे दार उघडते, आणि चुकीच्या मोजपट्टीने मोजले गेले तर तोच मुलगा मागे राहतो.

रुईया की पोदार?

मुंबईत हा वाद जुना आहे. माटुंग्यात एकमेकांच्या शेजारी असलेली रुईया आणि पोदार ही दोन महाविद्यालये कित्येक पिढ्या मैदानावर परस्परांना भिडली. संदीप पाटील रुईयाचे, तर दिलीप वेंगसरकर आणि रवी शास्त्री पोदारचे. सुनील गावसकर सेंट झेवियर्सचे. त्या काळी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जाई आणि हा संघ १९३५-३६ पासून सुरू झालेल्या रोहिंटन बारिया करंडकासाठी इतर विद्यापीठांशी खेळे. विद्यापीठांच्या विभागीय संघांसाठी विझी करंडक होता. कॉलेजच्या संघात चमकलेला खेळाडू या पायऱ्या चढत रणजी संघाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत असे. साहजिकच कोणते कॉलेज श्रेष्ठ, या वादाला तेव्हा मोठे वजन होते.

पुढे १६, १९ आणि २३ वर्षांखालील वयोगटांच्या स्पर्धांचे महत्त्व वाढले. आयपीएल आल्यानंतर तर गुणवान मुलांचा शोध शालेय वयापासूनच सुरू झाला. कॉलेज क्रिकेटचे वजन त्यामुळे कमी झाले, तरी ते संपलेले नाही. शालेय वयात नजरेतून सुटलेल्या मुलासाठी ही दुसरी संधी असते. उशिरा उंची वाढणाऱ्या आणि उशिरा वेग गवसणाऱ्या गोलंदाजांच्या बाबतीत तर ती अधिकच मोलाची ठरते.

तीन आकडे, तीन उत्तरे

गोलंदाजाची कामगिरी प्रामुख्याने तीन आकड्यांत मांडली जाते. दिलेल्या धावांना बळींनी भागले की सरासरी मिळते, म्हणजे एक बळी किती धावांना पडला हे कळते. टाकलेल्या चेंडूंना बळींनी भागले की स्ट्राइक रेट निघतो, म्हणजे एका बळीसाठी किती चेंडू लागले ते समजते. धावांना षटकांनी भागले की इकॉनॉमी मिळते. या तिन्हींत आकडा जितका लहान तितका गोलंदाज चांगला, असा सर्वसाधारण समज आहे.

दोन काल्पनिक गोलंदाजांचे उदाहरण घेऊ. ‘अ’ने मोसमात ४० षटकांत १२० धावा देऊन १२ बळी घेतले. त्याची सरासरी १०, स्ट्राइक रेट २० आणि इकॉनॉमी ३. ‘ब’ने ९० षटकांत २३४ धावा देऊन १३ बळी घेतले. त्याची सरासरी १८, स्ट्राइक रेट ४१.५ आणि इकॉनॉमी २.६. कागदावर ‘अ’ सरळसरळ वरचढ दिसतो.

आता धावफलक उघडून पाहू. ‘अ’च्या १२ बळींपैकी आठ बळी तळाच्या फलंदाजांचे आहेत आणि दोन सामने साखळीतील सर्वांत कच्च्या संघांविरुद्धचे आहेत. ‘ब’ने नव्या चेंडूने सुरुवात केली, समोर बहुतेक वेळा पहिले पाच फलंदाज होते आणि कर्णधाराने अडचणीच्या प्रत्येक वेळी त्याच्याच हाती चेंडू दिला. दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला मिळालेल्या अनेक बळींमागे ‘ब’ने आवळलेला धावांचा फास होता. ही माहिती तिन्ही आकड्यांपैकी एकाही आकड्यात उतरत नाही. जाणकार प्रशिक्षक म्हणूनच बळी ‘किती’ हे विचारण्याआधी बळी ‘कोणाचे’ हे विचारतात.

समोर कोण होते?

प्रतिस्पर्धी कोण, हे विसरले की आकडे किती दिशाभूल करतात याचे टोकाचे उदाहरण जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला दिसले. भंडारी करंडकाच्या शालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे याने नाबाद १,००९ धावा केल्या आणि संघाने ३ बाद १,४६५ धावांवर डाव घोषित केला. आर्य गुरुकुल शाळेचे दोन डाव अनुक्रमे ३१ आणि ५२ धावांत आटोपले. विजय एक डाव आणि १,३८२ धावांनी. या सामन्यात विजयी संघाच्या गोलंदाजांची सरासरी कोणत्याही यादीत पहिल्या क्रमांकावर झळकली असती, पण तिच्यावरून त्या गोलंदाजांची खरी पारख झाली असती असे कोणी म्हणणार नाही.

याच्या नेमके उलटे उदाहरण फेब्रुवारी १९८८ मधील आहे. आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली. समोर सेंट झेवियर्स शाळेचा संघ होता आणि त्यात साईराज बहुतुले नावाचा एक लेगस्पिनर होता. त्याच्या नावापुढे लागले शून्य बळी, १८२ धावा. त्या एका धावफलकावरून कोणी त्याचे भवितव्य ठरवले असते तर मुंबई क्रिकेट एका मोठ्या गोलंदाजाला मुकले असते. बहुतुले यांनी पुढे प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ६३० बळी घेतले आणि भारताकडून कसोटी सामनेही खेळले.

खेळपट्टीचा वाटा

तिसरा घटक खेळपट्टीचा. मुंबईची कांगा लीग १९४८ मध्ये सुरू झाली ती मुद्दाम पावसाळ्यात खेळण्यासाठी. ओल्या, उघड्या खेळपट्टीवर चेंडू कधी थांबून येतो, कधी अंगावर उसळतो. तेथे मध्यमगती गोलंदाजही भेदक वाटतो, आणि तेथे टिकणारा फलंदाज मात्र तंत्राने पक्का होतो. कांगा लीगमधील पाच बळी आणि एप्रिलच्या उन्हात कडक, सपाट खेळपट्टीवर घेतलेले पाच बळी एका तराजूत तोलता येत नाहीत.

१९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईच्या फिरकीला पोषक खेळपट्टीवर पद्माकर शिवलकर यांनी तमिळनाडूचे ८ बळी अवघ्या १६ धावांत घेतले आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी टिपले. तमिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत संपले. पण याच खेळपट्टीवर मुंबईलाही १५१ आणि ११३ धावाच करता आल्या होत्या. एवढ्या एका सामन्यावरून ‘हा खेळपट्टीचा प्रताप’ असे कोणी म्हणू शकला असता. त्याला उत्तर मिळते ते शिवलकरांच्या संपूर्ण कारकिर्दीतून. प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि तेही २० पेक्षा कमी सरासरीने. मार्च २०२५ मध्ये निधन झालेल्या या गोलंदाजाला एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. दीर्घ काळ, वेगवेगळ्या मैदानांवर टिकलेला आकडाच विश्वासार्ह असतो, आणि विश्वासार्ह आकडा असूनही संधी हुकू शकते, हे दोन्ही धडे त्यांच्या कारकिर्दीत आहेत.

अमेरिकेतील तोडगा

हाच वाद अमेरिकेत कॉलेज बेसबॉलवरून रंगतो. तेथे गोलंदाजाच्या जागी पिचर असतो आणि त्याची सरासरी बळीमागे न मोजता नऊ डावांमागे किती धावा दिल्या यावर मोजली जाते. शेकडो महाविद्यालये खेळत असल्याने सर्वांचे सामने सर्वांशी होणे अशक्य असते. अखेरच्या स्पर्धेसाठी ६४ संघ निवडायचे आणि त्यातून आठ संघ ओमाहा शहरातील अंतिम टप्प्यात जायचे, अशी रचना आहे. निवड करताना प्रतिस्पर्ध्यांचा कस मोजण्यासाठी तेथे एक सूत्र दीर्घकाळ वापरात आले. संघाच्या स्वतःच्या विजयांना २५ टक्के, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना ५० टक्के आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना २५ टक्के वजन द्यायचे.

गणित सोपे आहे. एका संघाने ८० टक्के सामने जिंकले, पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे यश ४० टक्केच आहे. दुसऱ्याने ६० टक्के जिंकले, मात्र त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे यश ६० टक्के आहे. तिसरा घटक दोघांसाठी ५० टक्के धरला, तर पहिल्याचे गुण ५२.५ आणि दुसऱ्याचे ५७.५ होतात. कमी सामने जिंकूनही दुसरा संघ वर जातो.

सूत्र निर्दोष नाही. संघ प्रामुख्याने आपापल्या भागातच खेळतात, त्यामुळे दुबळ्या विभागातील चांगल्या संघावर अन्याय होतो, अशी टीका तेथेही होते. तरीही समोर कोण होते याचा हिशेब उघडपणे मांडला जातो, हे महत्त्वाचे. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या पॉल स्कीन्सने २०२३ च्या मोसमात २०९ फलंदाज ‘स्ट्राइकआउट’ केले आणि ९ डावांमागे केवळ १.६९ धावा दिल्या. त्याचा संघ देशातील बलाढ्य गटात खेळत असल्याने या आकड्यांना वजन होते. त्याच वर्षी व्यावसायिक संघांच्या निवडीत तो पहिल्या क्रमांकावर घेतला गेला आणि पुढच्या वर्षी त्याच्या गटातील सर्वोत्तम नवोदित ठरला.

आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत सामने कमी होतात. बाद फेरीत एक वाईट दिवस आला की मोसम संपतो. चार-पाच सामन्यांच्या आकड्यांवर कोणतेही सूत्र नीट बसत नाही. अशा वेळी धावफलकासोबत कोणाचे बळी, कितव्या षटकात, कोणत्या खेळपट्टीवर, या नोंदी ठेवल्या गेल्या तर निवड करणाऱ्यांना आणि वाद घालणाऱ्यांनाही आधार मिळेल.

आगाशीच्या मुलाचे काय?

या सगळ्यात एक अडचण उरते. बलाढ्य संघांविरुद्धच्या कामगिरीला जास्त वजन द्यायचे, तर त्या संघांविरुद्ध खेळायला तर मिळाले पाहिजे. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. आगाशीचा मुलगा आधी बस किंवा रिक्षाने विरार गाठतो आणि मग किटची बॅग घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढतो. सकाळी आझाद मैदानावर पहिला चेंडू टाकण्यापूर्वीच त्याचे निम्मे बळ प्रवासात खर्च झालेले असते.

तरीही या पट्ट्यातून खेळाडू घडले. विरारचा पृथ्वी शॉ वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून खेळायला रोज प्रवास करीत असे. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये त्याने ५४६ धावा केल्या आणि २०१८ मध्ये कसोटी पदार्पणातच शतक झळकावले. गोलंदाजांपुरते बोलायचे तर पालघरच्या शार्दूल ठाकूरचे उदाहरण अधिक बोलके आहे. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत आणले आणि प्रवासाचा ताण वाचावा म्हणून स्वतःच्या घरी ठेवून घेतले. २०१२ मध्ये रणजी पदार्पण झाल्यावर पहिल्या चार सामन्यांत त्याला चारच बळी मिळाले, सरासरी ८२. त्या आकड्यावर थांबले असते तर विषय तेथेच संपला असता. मुंबईने त्याला आणखी संधी दिली. २०१४-१५ च्या मोसमात त्याने ४८ बळी घेतले आणि जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्ग कसोटीत ६१ धावांत ७ बळी टिपले. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीच्या एका डावातील भारतीय गोलंदाजाची ती सर्वोत्तम कामगिरी ठरली.

एका बाबतीत मात्र चाहत्यांनी आणि प्रशिक्षकांनीही सावध राहायला हवे. ‘आमचा सर्वोत्तम गोलंदाज’ म्हणून एकाच मुलाकडून सलग षटके टाकून घेण्याचा मोह कॉलेज संघांना होतो. वाढत्या वयात अतिरेकी गोलंदाजीने पाठीच्या मणक्याला सूक्ष्म तडे जाण्याचा धोका असतो. अमेरिकेत तरुण पिचरच्या कोपराच्या दुखापतींमुळे एका दिवसात किती चेंडू टाकावेत याच्या वयोगटानुसार मर्यादा सुचवल्या गेल्या आहेत. इंग्लंडमध्येही वेगवान गोलंदाजांच्या षटकांवर वयानुसार बंधने आहेत. मोसमाच्या अखेरीस सर्वाधिक बळी घेतलेला मुलगा पुढच्या मोसमात मैदानाबाहेर बसला, तर त्या पहिल्या क्रमांकाला काय अर्थ?

आगाशीतील संध्याकाळचा वाद यापुढेही रंगेल आणि रंगायलाही हवा. फक्त कोणी बळींचा आकडा सांगितला, की ऐकणाऱ्याने चार प्रश्न विचारावेत. बळी कोणाचे, खेळपट्टी कोणती, षटके किती आणि असे किती सामन्यांत घडले? आपल्या गावातल्या मुलाची बाजू मांडायची असेल, तर या चार उत्तरांची वही त्याच्या नावे आजच सुरू करायला हरकत नाही.