असईहून व्हिएन्नाला

बेथोव्हेनच्या तिसऱ्या, पाचव्या, नवव्या सिंफनीचे भक्त पुण्या-मुंबईत पुष्कळ भेटतात. मला मात्र अनेक वर्षं ओढ आहे ती जाणकारांनी वाळीत टाकलेल्या त्याच्या एका रचनेची: ‘वेलिंग्टनचा विजय’, 1813. पहिला भाग लढाई, दुसरा विजय-सिंफनी. तरी नऊ सिंफनींच्या पंगतीत तिला पान नाही, कारण तिच्यात तोफा वाजतात.

हा वेलिंग्टन म्हणजे आपला जुना ओळखीचा आर्थर वेलस्ली. वसईच्या तहानंतर 32 तासांत 60 मैल तुडवत 20 एप्रिल 1803 रोजी तो पुण्यात शिरला आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या बळावर दुसरा बाजीराव गादीवर परतला. 23 सप्टेंबरला असईला शिंद्यांशी लढाई. केळणा नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, म्हणजे मधे उतार असणारच, एवढ्या अंदाजावर त्यानं फौज पाण्यात घातली. त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यात शिंद्यांच्या तोफखान्याचा वाटा मोठा होता. उतारवयात त्याला कुणीतरी विचारलं, रणांगणावरची तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती? वॉटर्लू जिंकलेल्या या माणसानं उत्तर दिलं, असई.

21 जून 1813 रोजी त्यानं स्पेनमध्ये व्हिटोरियाला फ्रेंचांचा धुव्वा उडवला. बातमी व्हिएन्नाला पोचताच योहान मेल्झेल बेथोव्हेनकडे आला. हा राजदरबारचा यंत्रकार. बेथोव्हेनच्या बहिऱ्या कानांसाठी कर्णे त्यानंच घडवले होते. त्याच्याकडे आपोआप वाजणारा एक अवाढव्य वाद्ययंत्रसंच होता. कल्पना त्याची, संगीत बेथोव्हेनचं. पुढे ते वाद्यवृंदासाठी लिहिलं गेलं आणि 8 डिसेंबरला, हानाऊच्या लढाईतल्या जखमी सैनिकांच्या मदतीसाठी, सातव्या सिंफनीबरोबर सादर झालं. खुद्द संगीतकार सालिएरी तोफांचा ताल सांभाळत होता. लोकांनी दोन्ही रचना डोक्यावर घेतल्या.

मग भांडण लागलं. मेल्झेलनं जाहिरातीत रचना स्वतःच्या मालकीची म्हणून छापली. बेथोव्हेन भडकला. मेल्झेल म्हणे, कल्पना माझी, शिवाय पैसेही मी दिलेत. बेथोव्हेन म्हणे, 50 डुकाट उसने घेतले होते, रचना विकलेली नाही. मेल्झेलनं 1814 मध्ये ती म्युनिकला परस्पर वाजवून घेतली, तेव्हा बेथोव्हेन कोर्टात गेला. आपल्या कैफियतीत त्यानं ते कर्णेही निरुपयोगी ठरवले. अखेर 1817 मध्ये तडजोड झाली आणि खर्च निम्मा निम्मा वाटला गेला. माझ्या मते बेथोव्हेननं मेल्झेलवर अन्याय केला. ही कल्पना आणि तिचा बराचसा आराखडा त्या यंत्रकाराचा होता, आणि ते श्रेय इतिहासानं त्याला द्यायलाच हवं.

स्वरलिपी उघडली की रचनेची थट्टा करणाऱ्यांचा उथळपणा कळतो. दोन्ही सैन्यांना वेगळे ढोल, वेगळे ट्रंपेट. इंग्रजांचे ट्रंपेट ई फ्लॅटमध्ये, फ्रेंचांचे सीमध्ये. तोफेचा प्रत्येक बार नेमक्या मात्रेवर वर्तुळानं दाखवलेला, एका बाजूचं वर्तुळ भरीव, दुसरीचं पोकळ. लढाई पुढे सरकते तशी फ्रेंचांची वर्तुळं विरळ होत जातात आणि शेवटी इंग्रजांच्याच तोफा उरतात. फ्रेंच ज्या ‘मार्लबरो’च्या चालीवर ऐटीत आले होते तीच चाल मग एफ शार्प मायनरमध्ये, अडखळत, तुटत परत येते. विजयोत्सवासाठी मागवलेल्या रचनेतला सर्वांत जिवंत क्षण हरलेल्यांच्या वाट्याला आला आहे.

मराठी कानाला तो क्षण परका वाटू नये. या व्हिएन्नाच्या मैफलीनंतर सव्वाचार वर्षांनी, 14 मार्च 1818 रोजी, आमच्या मुळशीतल्या कोराईगडाच्या दारूकोठारावर इंग्रजांचा गोळा पडला आणि गड पडला. गडाची लक्ष्मी तोफ अजून तिथे आहे. त्या तोफेच्या बाजूनं कुणी संगीत लिहिलं नाही. वेलस्लीच्या गौरवासाठी लिहिलेल्या या रचनेत मात्र हरणाऱ्याचं दुःख मोजूनमापून, पूर्ण गांभीर्यानं लिहिलेलं आहे, आणि म्हणून ती ऐकण्याचा पहिला हक्क मी आपला मानतो.

मुंबईत 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यानं सातवी सिंफनी आणि ही रचना पुन्हा एका संध्याकाळी वाजवावी आणि कार्यक्रमपत्रिकेत व्हिटोरियाशेजारी असईचं नाव छापावं.