चांगली पाने, तरीही माघार?

लास व्हेगास येथे दरवर्षी होणाऱ्या 'वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर'च्या मुख्य स्पर्धेची प्रवेश फी १० हजार डॉलर आहे. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा अमेरिकी अकाउंटंट इंटरनेटवरील स्वस्त पात्रता स्पर्धेतून तेथे पोहोचला आणि ८३८ स्पर्धकांना मागे टाकून २५ लाख डॉलरचा धनी झाला. त्यानंतर या खेळाकडे हौशी खेळाडूंची रीघ लागली. मात्र नवख्यांना एक प्रश्न हमखास चकवतो. हातात उत्तम पाने आहेत आणि प्रतिस्पर्ध्याने आपल्या सर्व चिप्स पुढे सारल्या आहेत. अशा वेळी 'कॉल' करावा, की तीन पत्तीच्या भाषेत 'पॅक' व्हावे?

पैशांच्या साध्या डावात उत्तर सोपे असते. जिंकण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असेल, तर कॉल करावा. हरणाऱ्याला खिशातून नवी रक्कम काढून पुन्हा बसता येते. स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यात मात्र चिप्स संपल्या की खेळ संपला. शिवाय चिप्स दुप्पट झाल्या, म्हणून बक्षिसाची आशा दुप्पट होत नाही.

एक उदाहरण घेऊ. चार खेळाडू उरले आहेत आणि चौघांकडे सारख्याच चिप्स आहेत. बक्षिसे तिघांनाच : ५०, ३० आणि २० हजार रुपये. म्हणजे प्रत्येकाच्या चिप्सचे मोल सरासरी २५ हजार. आता एकाने सर्वस्व पणाला लावले आणि दुसऱ्याने कॉल करून डाव जिंकला, तर त्याच्या चिप्स दुप्पट होतील. पण त्यांचे मोल होईल सुमारे ३८,३०० रुपये. हरला तर शून्य. मधल्या छोट्या रकमा सोडल्या, तर हा कॉल परवडण्यासाठी जिंकण्याची शक्यता ५० नव्हे, ६५ टक्क्यांहून अधिक हवी. उरलेला वाटा जातो कोठे? एक खेळाडू बाद झाल्याने स्वस्थ बसलेल्या दोघांचे बक्षीस पक्के होते. तो त्यांच्या पदरात पडतो.

या हिशेबाला 'इंडिपेंडंट चिप मॉडेल' म्हणतात. त्यामागील सूत्र डेव्हिड हारविल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतींच्या संदर्भात मांडले होते.

म्हणूनच समोरचा कोणत्या पानांवर धाडस करतो, हे ओळखणे महत्त्वाचे. राण्यांची जोडी कोणत्याही दोन पानांविरुद्ध सुमारे ८० टक्के वेळा जिंकते. पण समोर एक्का-राजा असल्यास हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास येते. बेछूट खेळणाऱ्याविरुद्ध कॉल योग्य. मोजकीच पाने खेळणाऱ्याविरुद्ध तीच जोडी टाकणे शहाणपणाचे. तिसऱ्याच कोणाच्या चिप्स संपत आल्या असतील, तर थांबण्याचे कारण अधिकच बळकट होते.

पात्रता स्पर्धेत तर याचे टोक दिसते. दहा जणांना सारखेच प्रवेशपत्र मिळणार आणि अकरा जण उरले आहेत. अशा वेळी भरपूर चिप्स बाळगणाऱ्याने तुल्यबळ खेळाडूच्या आव्हानापुढे एक्क्यांची जोडीही टाकावी. कोणत्याही पानांविरुद्ध ती १५ टक्के वेळा हरतेच, आणि जिंकून पहिले आल्याचे वेगळे बक्षीस तेथे नसते. पाने किती भारी, याइतकेच जिंकून काय मिळणार आणि हरून काय जाणार, हेही तपासावे लागते.