काथ्यानें शिवलेलें गलबत

डोंगरी गांवालगत, चौकच्या अंगास, धारावीच्या जुन्या किल्ल्याचें टेकाड आहे. गेल्या माघांत एके सायंकाळीं आम्ही तेथें उभे होतों. समोर वसईच्या खाडीचें मुख, पैलतीरीं वसईचा कोट. १७३९ सालीं मराठ्यांनीं धारावी घेतली आणि त्याच वर्षीं पुढें वसई पडली. खालीं कोळी बांधवांच्या होड्या यंत्राची धडधड करीत परतत होत्या. शेजारीं एक वृद्ध नाखवा बसले होते. आतां शीड कोणी उभारतें का, असें आम्हीं विचारतांच ते हंसले. शीड एक वेळ शिवून मिळेल, म्हणाले, पण वारा ओळखणारा पोरगा कोठून आणायचा?

हा प्रश्न आमच्या मनास लागला, कारण त्या दिवसांत एका शिडाच्या गलबताची वार्ता आमच्या घरांत सर्वांच्या तोंडीं होती. ऐन संक्रांतीच्या दिवशीं, १४ जानेवारी २०२६ रोजीं, भारतीय नौदलाचें 'कौंडिण्य' मस्कतास पोंचलें. २९ डिसेंबरास तें पोरबंदराहून निघालें होतें. त्यांत यंत्र नाहीं, आणि फळ्या जोडण्यास लोखंडी खिळाही नाहीं. फळ्या काथ्याच्या दोरानें एकमेकींस शिवलेल्या आहेत.

हें ऐकून आमच्या वहिनींनीं विचारलें, "मग शिवणीच्या भोकांतून पाणी येत नाहीं का?" प्रश्न अगदीं योग्य होता. फळ्यांच्या कडांस भोकें पाडून, सांध्यावर काथ्या घालून, वरून दोर आंवळून ओढतात. मग भोकें व सांधे राळेनें बुजवितात. खिळ्यांनीं जखडलेली फळी लाटेच्या तडाख्यानें तडकावी, तेथें शिवलेली फळी किंचित् लवते. तेराव्या शतकांत मार्को पोलोनें होर्मुझ येथें असलीं गलबतें पाहून त्यांस नांवें ठेविलीं. पण त्याच्या नापसंतीनें अरबी समुद्रावरील त्यांचा व्यापार कांहीं थांबला नाहीं.

'कौंडिण्य' बांधणारांजवळ ना नकाशा होता, ना मापें. होतें तें अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांतील, पांचव्या शतकाच्या सुमाराच्या गलबताचें एक चित्र. चित्रकारानें पाण्याखालचा भाग थोडाच दाखविलेला! तो तर्कानें भरून काढावा लागला, आणि तर्क खरा कीं खोटा हें पाहण्यास मद्रासच्या आय. आय. टी. मध्यें नमुन्याची पाण्यांत परीक्षा करावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्यें गोव्यांत काम सुरू झालें; २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें सुमारें पासष्ट फूट लांबीचें हें गलबत नौदलांत दाखल झालें. शिवण घातली ती केरळच्या कारागिरांनीं. त्यांचे प्रमुख बाबू शंकरन्. चित्र आमच्या महाराष्ट्रांत शतकानुशतकें भिंतीवर होतें, पण तें शिवून दाखविणारे हात मलबारच्या किनाऱ्यावर शिल्लक राहिले होते.

आणि नांव कोणाचें? कौंडिण्य हा ब्राह्मण. समुद्र ओलांडून तो गेला व त्यानें सोमा नामक नागकन्येशीं विवाह केला, अशी कंबोजाकडील जुनी आख्यायिका आहे. चंपा देशांतील मीसन येथल्या ६५८ सालच्या संस्कृत शिलालेखांतही त्याचा उल्लेख आहे. इकडे बौधायनानें समुद्रयान पातकांत घातलें. मात्र उत्तरेकडील लोकांचा तो आचारच आहे, हेंही त्यानेंच सांगून ठेविलें! विलायतेहून परतलेल्या आप्तांस प्रायश्चित्त देणारीं घरें आमच्या पणजोबांनीं पाहिलीं. ज्या घरांनीं पोथ्या जिवापाड जपल्या त्यांनीं समुद्राचें ज्ञान मात्र दाराबाहेर ठेविलें. तें ज्यांनीं पोटासाठीं जपलें, त्यांस विद्वान् म्हणण्याची आम्हांस संवय नाहीं.

प्रशांत महासागरांतील हवाई बेटांवरही असेंच झालें होतें. नक्षत्रें व लाटांचा हेलावा पाहून दूरचें बेट गांठण्याची विद्या तेथून लोपली होती. १९७५ सालीं तेथल्या लोकांनीं 'होकुलेआ' नांवाची जुन्या घाटाची जोडनौका बांधली. पण वाट दाखविणारा नव्हता. तो सांपडला दूरच्या सातावल बेटावर. त्याचें नांव माऊ पियाइलुग. १९७६ सालीं त्यानें होकायंत्राशिवाय ती नौका ताहितीस नेली, आणि पुढें आपली विद्या परक्यांस शिकविली. त्याच्या स्वकीयांत कित्येकांस हें रुचलें नाहीं. त्याचा शिष्य नाइनोआ थॉम्पसन ह्यानें १९८० सालीं तीच वाट स्वतः काढली. आमच्या मतें त्या नौकेचें खरें यश ह्या दुसऱ्या सफरींत आहे. 'कौंडिण्य' तर आतां कोठें पहिली सफर करून आलें आहे.

टेकाडावर अंधारूं लागलें तेव्हां आम्हीं नाखव्यांस गलबताचें छायाचित्र दाखविलें. ते तें डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिले. शिवणीविषयीं कांहीं बोलले नाहींत, शिडाचीही स्तुति केली नाहीं. मग बोट ठेवून विचारलें, सुकाणूं कोठें आहे? मागच्या बाजूस, वल्ह्यासारखें, असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं मान हलविली, आणि तें धरायला किती माणसें लागतात, असा दुसरा प्रश्न केला. तो मात्र आम्हांस सांगतां आला नाहीं.