शोधफलांचा अनुक्रम व शब्दाची दुर्मिळता

संगणकावर चढविलेल्या पत्रसंग्रहांत ‘पानिपत’ व ‘पत्र’ हे दोन शब्द घालून शोध घेतला, तर केवळ आवृत्ति मोजणारी आज्ञावली प्रथम कोणता कागद दाखवील? ज्यांत ‘पत्र’ वीस वेळां आला तो! वास्तविक तो शब्द बहुतेक प्रत्येक कागदांत असावयाचाच. जो शब्द थोड्या लेखांत आढळतो त्याचें वजन अधिक धरावें, असें केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनीं १९७२ सालीं प्रतिपादिलें. पुढें लंडन येथें रॉबर्टसन व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं बीएम२५ हें सूत्र मांडलें; त्यांत पुनरुक्तीचें वजन उत्तरोत्तर कमी वाढतें, व लांब लेखास नुसत्या लांबीचा लाभ होत नाहीं.

आमच्या कामीं मात्र हेंच दुर्मिळतेचें वजन कधीं घात करितें. ‘पानिपत’, ‘पानीपत’, ‘पाणिपत’ हीं तिन्ही रूपें घालून शोध घेतला व तीं निराळीं गणलीं, तर विरळ वेलांटीचा एखादा क्षुल्लक कागद सर्वांच्या वर बसतो. आणि ज्यावरून लढाईची तिथि ठरावयाची तें पत्र चाळिसाव्या पानावर पडून राहतें. तेव्हां अशा रूपांचा कोश आधीं करून त्यांची मोजणी एकत्र करावी, असें आम्हांस वाटतें. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नाहींत. अर्थात् वेलांटीचा हा घोळ मूळ कारकुनाचा नव्हे, बहुधा आम्हां लिप्यंतरकारांचाच.