हजार मीटरवरची गार्नाचा

स्पेनचा मधला भाग, मेसेता, हे पठारच समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंच आहे. त्यावर दुएरो नदीकाठी रिबेरा देल दुएरोच्या बागा साडेसातशेच्या आसपास सुरू होतात आणि काही हजाराच्याही वर जातात. उन्हाळ्यात दुपारी पारा पस्तिशी ओलांडतो आणि पहाटे अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. दिवसाच्या उन्हात मण्यात साखर भरते, पण उष्ण रात्री त्याच मण्यातलं मॅलिक आम्ल संपवत असतात. रात्र गार असली की आंबटपणा टिकतो. वरचं प्रखर ऊन सालीत रंग आणि तुरटपणा वाढवतं. नाशिकच्या बागाही सहाशे मीटरच्या आसपास आहेत आणि रिबेराचं तेम्प्रानियो हे द्राक्ष दिंडोरीकडेही लागलं आहे. पण आपला घड हिवाळ्यात पिकतो, त्यामुळे तिथल्या उंचीचं गणित इथे जसंच्या तसं लागू पडत नाही.

रिबेराचं नाव जुनं. वेगा सिसिलिया ही वाइनरी १८६४ पासूनची, प्रदेशाला अधिकृत मानांकन १९८२ चं. उंचीची किंमतही तिथे मोजावी लागते. २०१७ च्या एप्रिलअखेर एका रात्रीच्या हिमकडाक्याने कोवळे फुटवे करपले आणि बऱ्याच बागांचा हंगाम गेला.

माझं मन मात्र रमतं ते माद्रिदच्या पश्चिमेला, ग्रेदोसच्या डोंगरांत. जमीन म्हणजे ग्रॅनाइटची झिजलेली भरड वाळू, तिच्यात मधूनच खोलीएवढे धोंडे. वेलींना मांडव नाही की तारा नाहीत. गुडघ्या-मांडीएवढ्या उंचीची झुडपं एकमेकांपासून लांब लांब उभी असतात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला पुरेसं पाणी यावं. अनेक वेली साठ-सत्तर वर्षांच्या. उतार इतका की ट्रॅक्टर चालत नाही; काही तुकड्यांत आजही खेचर लावून नांगरट होते.

इथलं द्राक्ष गार्नाचा. सपाटीवर, उन्हाच्या तडाख्यात ते साखरेने फुगतं आणि वाइन पंधरा टक्के अल्कोहोलची, जड, जॅमसारखी होते. सहकारी सोसायट्या वजन आणि साखर पाहून भाव देत. उंचावरचा माल उशिरा पिकणारा आणि थोडा, म्हणून या हिशेबात तो नेहमीच मागे पडला. मुलं माद्रिदला गेली आणि बागा ओस पडल्या. मग २००८ मध्ये दानिएल लांदी आणि फेर्नांदो गार्सिया यांनी ‘कोमांदो जी’ ही वाइनरी सुरू केली. अल्बेर्चे नदीच्या वरच्या खोऱ्यात, बाराशे मीटरच्या आसपास, धोंड्यांमधल्या एका लहानशा तुकड्यातून त्यांची ‘रुंबो अल नोर्ते’ ही वाइन येते. रंग फिका, ग्लासातून पलीकडचं बोट दिसावं इतका. वास रानफुलांचा, संत्र्याच्या सालीचा. शेवटी जिभेवर बारीक, वाळूसारखा तुरटपणा. गडद म्हणजे उत्तम, ही लाल वाइनबद्दलची समजूत मोडायला ही एक बाटली पुरे.

याहूनही उंच बागा स्पेनमध्ये आहेत. ग्रानादाजवळच्या कोंत्राव्हिएसामध्ये ‘बार्रांको ओस्कुरो’ या वाइनरीची बाग १३६८ मीटरपर्यंत चढते. टेनेरिफेवर तेइदे ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावर वेली त्याहूनही वर आहेत, आणि कॅनरी बेटांवर २०२५ पर्यंत फिलॉक्सेरा कीड पोचलीच नसल्याने त्या स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. तिथली वाइन मात्र बहुतांशी पांढरी.

दर शंभर मीटरला तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं. हवामान तापू लागल्यावर हा आकडा मोठ्या कंपन्यांनाही पटला. तोर्रेस घराण्याने पिरेनीजच्या पायथ्याशी त्रेंपला साडेनऊशे मीटरवर लागवड केली आहे. दूरदृष्टीचं काम आहे, मान्य. पण याच काळात, २००८ च्या धोरणबदलानंतर तीन हंगाम, युरोपीय संघाने बागा उपटायला अनुदान दिलं आणि स्पेनने ते भरभरून घेतलं. थोडं पिकणाऱ्या जुन्या वेलीही त्यात गेल्या, याचा मला अजून राग येतो. ग्रेदोसमध्ये ज्या वाचल्या त्यांचे मालक आता थकले आहेत, आणि तरुण वाइनमेकर त्यांच्याकडून अर्धा-पाऊण एकराचे तुकडे एकेक करून जोडत आहेत.