एकशेएकावी जागा

मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेला जेमतेम सात वर्षं झाली होती. पंच कार्डांचा गठ्ठा नेऊन द्यायचा आणि छापील कागदाची वाट पाहायची. टीआयएफआर, भाभा अणुसंशोधन केंद्र, पवईची आयआयटी, सगळीकडे ठाणे-डोंबिवली-कल्याणहून जाणारे होतेच. त्यामुळे बरंचसं डिबगिंग लोकलमध्येच झालं असं मी म्हणतो: चौथ्या सीटवर अर्धंमुर्धं टेकून, मांडीवर लिस्टिंग उलगडून.

तेव्हा ॲरेचा, म्हणजे आकड्यांच्या रांगेचा, आकार आधीच बांधून घ्यावा लागे. डायमेन्शनमध्ये शंभर लिहिले की शंभर. लूप एकशेएकपर्यंत गेला तरी यंत्र हूं की चूं करत नसे. कॉमन ब्लॉकमध्ये ‘ए’ या ॲरेला लागून ‘डीटी’, म्हणजे काळाची पायरी, ठेवलेली असली, की ए(१०१) मधला आकडा थेट डीटीवर जाऊन बसे. प्रोग्राम सुरळीत संपे, तक्ताही देखणा छापला जाई. आतलं गणित मात्र भलत्याच पायरीने चाललेलं.

पुढे फोरट्रान ९० ने ॲलोकेटेबल ॲरे आणले. चालता चालता हवी तेवढी मेमरी मागा. चुकांचीही तऱ्हा बदलली. मॉड्यूलमधला ॲरे दर कॉलला ॲलोकेट केला, की दुसऱ्याच कॉलला ‘आधीच ॲलोकेट आहे’ म्हणून प्रोग्राम थांबतो. ही चूक मला आवडते, कारण ती बोंब मारते. तिच्यावरचा सर्रास उतारा मात्र घातक: ‘ॲलोकेट नसेल तरच कर’. उदाहरण घ्या: २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने बदलापूर-कल्याण बुडवलं. तशा पुराचं गणित एकाच रनमध्ये आधी विरळ, मग दाट जाळीवर चालवून पाहा. जाळीच्या घरांचा आकडा ‘एन’ वाढतो, ॲरे जुन्याच मापाचा राहतो आणि एकशेएकाव्या जागेचं दुखणं परत. नशीब असेल तर सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्राम कोसळेल. नसेल तर पाण्याची चुकीची पातळी, तीही तीन दशांश स्थळांपर्यंत. माप तपासून, वेगळं असेल तर डीॲलोकेट करून पुन्हा मागणं, एवढाच खरा उपाय.

हवामानाची डब्ल्यूआरएफसारखी मॉडेलं आजही फोरट्रानमध्येच आहेत. जीफोरट्रान या कंपायलरमध्ये मर्यादा तपासणारं ‘एफचेक’ चालू केलं की कोणत्या ओळीवर, कितवी जागा, मर्यादा किती, सगळं समोर येतं. पण त्याने प्रोग्राम मंदावतो, म्हणून मोठ्या रनच्या आधी ते हमखास बंद केलं जातं.