खोली मिळाली, घर कधी?

वसतिगृहात गेलेल्या लेकराला आई फोनवर विचारते, "जेवलास का? खोलीतला सोबती कसा आहे?" दुसऱ्या प्रश्नात आपला सारा इतिहास आहे. 1913 साली न्यूयॉर्कला गेलेल्या बाबासाहेबांना लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी सोबती लाभला. मैत्री आयुष्यभर टिकली. 1917 साली बडोद्यात मात्र जात कळताच पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावून लावले. परदेशात खोलीचे घर झाले, मायदेशात छप्परही नाही!

हे जुने झाले म्हणावे, तर जानेवारी 2016 मध्ये हैदराबाद विद्यापीठाच्या वसतिगृहातून काढलेला रोहित वेमुला बाबासाहेबांची तसबीर घेऊन बाहेर पडला. 17 जानेवारीला आपण त्याला गमावले.

म्हणून मुलांनो, पहिल्याच दिवशी भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर लावा. कुणी ती काढायला सांगितली, जातीवरून टोमणे मारले, तर तारीख टिपून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. एकटे कुढू नका. आणि कार्यकर्त्यांनो, जयंतीपुरते नव्हे, दर महिन्याला वसतिगृहात जा. खोली विद्यापीठ देते. तिचे घर समाजाने करायचे असते.

जयभीम!